दोघांचं एकच नाव

देवमनच्या बापाचं नाव उकंडा होतं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मताच त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं, आणि तेच नाव पडलं. छप्पनच्या दीक्षेनंतर देवमनला मुलगा झाला. उकिरड्याचं नाव आता या घरात नको, असं त्यानं ठरवलं. वाशिमजवळच्या मालेगावच्या एका सभेत भन्तेजींच्या तोंडून त्यानं 'सुमन' हा शब्द ऐकला होता. सुमन म्हणजे चांगल्या मनाचा. मुलाचं नाव त्यानं सुमन ठेवलं.

पण त्या भागात सुमन म्हणजे फूल, आणि सुमन म्हणजे पोरगी. शाळेत त्याच्या वर्गात आणखी दोन सुमन होत्या, दोघी वेण्या घालणाऱ्या. हजेरीला तिघं एकदम 'हजर' म्हणत आणि वर्ग हसे. पोरं त्याला 'सुमनबाई' म्हणून हाक मारत. तो बापाशी यावर कधी बोलला नाही. मोठा झाल्यावर मालेगावात सायकली दुरुस्त करू लागला. गिऱ्हाइकानं नाव विचारलं, तर बापाचंच नाव सांगायचा.

शहात्तरच्या उन्हाळ्यात त्याची मावशी बेबीताई धनजचं स्थळ घेऊन आली. मुलगी दहावी झालेली, बाप शेषराव थोडी शेती करणारा. मुलीचं नाव बेबीताईनं सांगितलं नाही.

धनजला चहापाणी झाल्यावर देवमननं विचारलं, "नाव काय बाई तुझं?"

"सुमन."

शेषराव हसायला लागला. बेबीताई पदरानं वारा घेऊ लागली. देवमनची बायको भागिरथा मात्र हसली नाही.

"हे जमाचं नाई," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्याचं नसते. हिनं सोताचं नाव सांगतलं का झालं! लग्नात नाव बदला. सुजाता ठेवा."

शेषरावची हरकत नव्हती. एवढ्यात सुमन म्हणाला, "तिचं कायले बदलता? माहंच बदला. मले नाईच आवडत."

"काहून?" मुलीनं विचारलं. ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

"पोरीचं नाव हाये. लोक हासतात."

"मले त कोनी हासलं नाई," ती म्हणाली. "पोरीचं नाव काय वाईट असते?"

देवमन खाली बघून म्हणाला, "फूल मनून नाई ठेवलं म्या. चांगलं मन, असा अर्थ हाये त्याचा. भन्तेजीनं सांगतला होता."

"हे तुमी मले कदी सांगतलं नाई," सुमन म्हणाला.

"त्वा कदी इचारलंच नाई."

शेषराव म्हणाला, "आमी त बाप्पा फूल मनूनच ठेवलं. अंगनात शेवंती होती."

नाव कुणाचंच बदललं नाही. भागिरथाला ते पटलं नव्हतं, पण स्थळ तिनं मोडलं नाही. मुलगी तिला आवडली होती.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हातपंपावर शेजारच्या चंदाबाईनं सुनेला नाव विचारलं. भागिरथा घागर भरत होती. तिचा हात दांड्यावरच थांबला. सून म्हणाली, "सुमन." पंपावरच्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या. दुसऱ्या दिवशी चंदाबाईनं मुद्दाम पुन्हा विचारलं, सुनेनं पुन्हा सांगितलं. मग विचारण्यात मजा उरली नाही.

पुढे सुनेनं आणखी एक केलं. नवरा अंगणात सायकल पुसत होता, तेव्हा तिनं घरातून हाक दिली, "सुमन, जेवाले या!"

सासू चुलीपासून उठली. "नवऱ्याले नावानं हाक मारतं?"

"मी मलेच हाक मारली, मामी," सून म्हणाली.

बाहेर सुमन एवढा हसला की सायकल पडली. भागिरथाला राग आला होता, पण हसू आवरण्यासाठी तिला पाठ फिरवावी लागली. सुमननं त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना आपलं नाव सांगायला सुरुवात केली. काही जण हसले. सायकली तरी त्याच्याकडेच आणत राहिले.

अठ्ठ्याहत्तर साली भागिरथाला डोळ्यांसाठी वाशिमला नेलं. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं. अशा वेळी ती नेहमी सोबत आलेल्या बाईकडे बघायची आणि ती बाई सांगायची. या वेळी सून शेजारीच उभी होती, पण भागिरथानं तिच्याकडे पाहिलं नाही. "देवमन," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की बाहेर बाकावर बसलेला देवमन 'काय वो?' म्हणत आत आला.

पुढच्या वर्षी दोन्ही सुमनना मुलगी झाली. सुमन नाव आता जुनं वाटू लागलं होतं. आळीत किरणची लाट होती; मुलगा होवो की मुलगी, नाव किरण. चंदाबाईच्या नातवाचं किरण, पलीकडच्या घरातल्या मुलीचंही किरण. बारशाला बेबीताईनं तेच सुचवलं. देवमननं अर्थ विचारला, तो त्याला पटला, आणि पाळण्यात तेच नाव सांगितलं गेलं.