गाठबाबांची निर्जळी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर एक बाई टणाटण उड्या मारत होती आणि तिचे कपडे कोरडे ठणठणीत!

"बघा!" गाठबाबा गरजले. "कमरेला माझ्या मंतरलेल्या दोऱ्याची गाठ, आता लघवीचा थेंब गळणार नाही! बाळंतपणात किंचाळलात, म्हणून दार उघडं राहिलं. पोट कापून मूल काढलेल्यांना आहे का हा त्रास?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रांगेतली एक शिलाई कामगार तेवढी दात-ओठ खात उभी होती.

थोरला मुलगा चिमटा लावून जन्मला, तेव्हापासून खोकताना, कापडाचा गठ्ठा उचलताना तिची लघवी सुटायची. मशीनवर बसताना ती खाली फडकं घ्यायची. हसणं तर तिने सोडूनच दिलं होतं. मागच्या बैठकीत तिनेही गाठ बांधून घेतली, उडी मारली, कोरडी राहिली आणि आनंदाने रडली. मग लघवीला आग सुरू झाली, अंगात ताप भरला.

तिची नणंद प्रसूतिगृहात नर्स. तिने विचारलं, "वहिनी, पाणी किती पितेस?"

"बाबांचा नियम आहे. बैठकीच्या आदल्या दिवसापासून निर्जळी, नंतरही घोटभरच."

"मग गळणार काय, बाबाचं डोकं? आणि पाणी तोडलं की लघवीत जंतू वाढतात, म्हणून हा ताप."

औषधाने ताप उतरला, संताप चढला. आज ती सकाळपासून पाणी पिऊन आली होती. नंबर लागताच स्टेजवर चढली, सगळ्यांदेखत कमरेची गाठ दाखवली आणि उडी मारली.

कपडे भिजले.

"श्रद्धा कमी पडली!" बाबा ओरडले.

"श्रद्धा नाही, पाणी कमी पडत होतं! तहानेने कोरड्या राहायचो आम्ही."

"माझं सिझर झालंय," मागून एक आवाज आला, "तरी शिंकताना जातंच की!"

तिच्यासोबत आलेली नणंद उठली. "मूल खालून येताना लघवी रोखणारे स्नायू ताणले जातात, चिमट्याने आणखीनच. सिझरमध्ये धोका कमी, पण पोटातलं ओझं त्या बायांनीही वागवलेलंच असतं. ते स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकून घ्या, काही महिने नेटाने करा. बहुतेकींना फरक पडतो. नाही पडला, तर डॉक्टरांकडे पुढचे उपचार आहेत."

बाबा मागच्या दाराकडे सरकू लागले. ओल्या कपड्यांनिशी ती त्यांच्याकडे बोट दाखवत म्हणाली, "बायांनो, दुखणं आपलं आहे, गुन्हा नाही. पोटभर पाणी प्या आणि डॉक्टरला तोंड उघडून सांगा. लाज वाटायचीच असेल, तर ती ह्याला वाटू दे!"