पत्रा सरळ होता

डॉक्टर लुंबिनी वाघमारे यांनी रिपोर्ट पालथा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर एक मोठं वर्तुळ काढलं. त्याच्या आत आणखी एक, लहान. शिवमूर्ती बघायला पुढे वाकला. अंबिका वाकली नाही. टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. मधली रिकामी ठेवून ती पलीकडच्या खुर्चीवर बसली होती.

गेला महिनाभर ती अशीच बसत होती. नांदेडच्या या दवाखान्याच्या बाकावर, कँटीनच्या टेबलाशी, कुठंही. नवऱ्यात आणि आपल्यात एका माणसाची जागा सोडून.

"ही पेशी," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे तिच्या आतलं केंद्रक. आतली खोली म्हणा. पेशीत प्रथिनं तयार होतात. कुणाचं काम खोलीत, कुणाचं बाहेर, हे ठरलेलं असतं. कुठं जायचं ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं."

"मार्का," शिवमूर्ती म्हणाला.

डॉक्टरांचा पेन थांबला.

"धान्याच्या मोंढ्यात पोत्यावर मार्का मारतो मी, मॅडम. लातूरला. तीस वर्सं झाली. पोत्यावर अक्षरं कापलेला पत्रा ठेवायचा, वरून शाईचा ब्रश फिरवायचा. हमाल काय वाचत बसत न्हाई. मार्का बघतो अन् उचलतो. मार्का चुकला की सोन्यासारखा माल भलत्याच गाडीत."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल." डॉक्टरांनी आतल्या वर्तुळातून बाहेर एक बाण काढला. "तुमच्या मुलीच्या, मंजुश्रीच्या रक्तपेशींतल्या एका प्रथिनाचं काम मुख्यतः खोलीत असतं. पण त्याचा मार्का शेवटाला बिघडलाय. त्यावर 'बाहेर' असं उमटलंय. मग पेशीतले हमाल त्याला उचलून बाहेर नेऊन टाकतात. त्यांची काय चूक? आणि ते एकटं जात नाही, चांगल्यालाही धरून ओढत नेतं. खोलीतलं काम बसतं. पेशी पिकत नाहीत, कच्च्याच वाढत सुटतात. तोच हा रक्ताचा कॅन्सर."

शिवमूर्तीने दोन्ही हात मांडीखाली घेतले. नखांतली काळी शाई कशानेच निघत नसे. आज पहिल्यांदाच त्याला ती कुणाला दिसू नये असं वाटलं.

"मार्का चुकला ते कळलं," तो म्हणाला. मग त्या बाणाकडे बघत त्याने विचारलं, "पत्राच वाकडा आला असंल ना, मॅडम? घरातूनच?"

अंबिकेने पदराचं टोक मुठीत धरलं.

हाच प्रश्न महिनाभर त्या घराला खात होता. अंबिका ही शिवमूर्तीची सख्खी भाची. थोरल्या बहिणीची, कमलम्माची मुलगी. सिद्धेश्वराच्या यात्रेत ज्या मामाच्या खांद्यावर बसून तिने पाळणे बघितले, त्याच मामाशी अठराव्या वर्षी तिला हळद लागली. "मामा हाय तो माझा," ती म्हणाली होती. कमलम्माने तोंडावर चापट मारली आणि मुंडावळ्या बांधल्या. शिवमूर्तीही गप्प राहिला. घरातली पोरगी घरात राहिली म्हणून अख्खी भावकी माना डोलवत बुंदी जेवून गेली. तेव्हा एकाही शहाण्याला सायन्स आठवलं नाही.

ते आठवलं चोवीस वर्षांनी. पोरगी दवाखान्यात पडल्यावर. अंबिकेचा चुलतभाऊ रुद्रेश लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. तो भेटायला आला सफरचंदं घेऊन, आणि मंजूच्या कॉटशेजारी उभा राहून तिच्यादेखत म्हणाला, "मामा-भाचीचं लग्न म्हटल्यावर दुसरं काय होणार? हे पुस्तकातच आहे."

सफरचंदं ठेवून तो गेला. मंजूने बापाला विचारलं, "अप्पा, खरंय का हे?"

शिवमूर्ती रिकामा डबा उचलून बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून तो वॉर्डात पाय टाकत नव्हता. दर दोन दिवसांनी लातूरहून यायचा, दारातल्या काचेतून पोरीला बघायचा, डबा अंबिकेच्या हातात द्यायचा. अंबिकाही डबा घ्यायची आणि पाठ फिरवायची. ती त्याला नावाने कधीच हाक मारत नव्हती. लग्नानंतर 'मामा' सुटलं आणि 'अवं' आलं. आता तेही बंद होतं.

डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. मधल्या खुर्चीकडेही बघितलं.

"तुमचं लग्न नात्यातलं आहे," त्या म्हणाल्या. "फाईलमध्ये आहे ते. आता नीट ऐका, दोघंही. नात्यातल्या लग्नाने काही आजारांचा धोका वाढतो. ते खोटं नाही, आणि मुलीचं लग्न ठरवताना ते विसरू नका. पण हा बदल त्यातला नाही. हा आईबापाकडून येत नसतो."

"म्हंजे?" अंबिका म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली.

"म्हणजे तुम्ही दोघांनी तिला पत्रा दिला तो सरळ होता. पेशी वाढताना त्याची नक्कल निघत राहते. रोज, लाखो वेळा. हाडाच्या आतल्या मगजात अशाच एका पेशीत नक्कल उतरवताना तो वाकला. आत्ता, मोठेपणी. कुणी वाकवला नाही. कुणाच्याही घरात होतं हे. माझ्याही होऊ शकतं."

अंबिका रिपोर्टवरच्या वर्तुळाकडे बघत राहिली.

"आणि दुसरं. या एवढ्याच बिघाडाचे पेशंट औषधाला बऱ्यापैकी दाद देतात. सोबत आणखी एक वाईट बदल असतो कधीकधी, तो हिच्यात नाही. मी हमी देत नाही. अजून तीन-चार वेळा केमोचं सलाइन चढणार, त्रास होणार. पण ही लढण्यासारखी गोष्ट आहे."

शिवमूर्तीने मांडीखालचे हात काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली. त्याच्या घरात वाघमारे आडनावाच्या माणसाला पाणी वरून ओतत, ओंजळीत. कमलम्मा अजून ओतते. शिवमूर्तीने बाटली तोंडाला लावली आणि लहान पोरासारखा गटागटा प्यायला. मग उठून पायाशी वाकायला गेला.

"अहो, बसा!" डॉक्टरांनी खुर्ची मागे ओढली. "मुदखेडला माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत. पाया पडलात तर मी काय करायचं?"

"मग काय करू, मॅडम?"

"आत जा. पोरगी रोज विचारते, अप्पा काचेतूनच का बघतात म्हणून."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर शिवमूर्तीचा फोन वाजला. रुद्रेश. शिवमूर्ती नाव बघत राहिला. अंबिकेने फोन त्याच्या हातातून घेतला.

"बोल, रुद्रेश... आला रिपोर्ट. तुझ्या पुस्तकात न्हाई ते त्यात हाय... ऐक तर. आमचा पत्रा सरळ होता. पोरीच्या अंगात मागून वाकला. समजलं?... न्हाई समजलं तर डॉक्टरीणबाईंकडं ये, तिसरी खुर्ची मोकळी हाय. अन् येताना सफरचंदं आणू नको."

औषधाची ट्रॉली ढकलत जाणारी सिस्टर मागे वळून हसली. अंबिकेने फोन बंद केला. तोंडात पदर कोंबून ती भिंतीला टेकली, आणि हसते की रडते ते शिवमूर्तीला कळेना. तो तिच्यापासून हातभर लांब उभा राहिला. महिन्याची सवय होती.

"अक्काला सांगाया पायजे," तो म्हणाला.

"आईला मागून. आदी मंजूला."

दोघं वॉर्डाच्या दारापर्यंत आले. काचेपलीकडे मंजू उशीला टेकून बसली होती. केस गेलेले, तोंडाला मास्क, मोबाइलमध्ये डोकं. शिवमूर्ती नेहमीच्या जागी थांबला, काचेच्या उजव्या कोपऱ्यात, जिथून आपण पोरीला दिसत नाही असं त्याला वाटे.

"तू सांग तिला," तो म्हणाला. "मी हितंच..."

अंबिकेने चपला काढून भिंतीला लावल्या. नळावर कोपरापर्यंत हात धुतले. दोन मास्क घेतले. एक स्वतः बांधला आणि दुसरा त्याच्यापुढे धरला.

"चल, मामा," ती म्हणाली. "पोरगी वाट बघायलीय."

शिवमूर्तीने एक चप्पल काढली. दुसरी काढायला त्याला बराच वेळ लागला.