खबऱ्याचं शून्य

अलेक्झांड्रियात कुणाला रस्ता विचारला तर “माहीत नाही” असं उत्तर मिळत नाही. ते उद्धट दिसतं. लोक चुकीचा रस्ता सांगतात, पण प्रेमाने. आमचे ज्येष्ठ इंजिनियर, बाशमुहंदिस वगदी, यांनी ‘खबऱ्या’ याच संस्कारांत लिहिला.

खबऱ्या म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचं टूल. चालू प्रोग्रॅममध्ये डोकावून कुठे किती वेळ जातो ते तो सांगतो.

आमच्या ऑफिसातल्या नर्मीनचा औषधदुकानांसाठीचा प्रोग्रॅम आधी एकाच दुकानात चाचणीला बसवला होता. तो बिल द्यायला इतका वेळ लावायचा की तोवर गिऱ्हाईक बरं व्हायचं. गुरुवारपर्यंत सुधारला नाही तर तो बंद, नर्मीनची सगळी मेहनत पाण्यात. तिने खबऱ्या चालवला.

“वाया गेलेला वेळ: शून्य.”

“मग दुकानातली रांग काय हौसेने उभी आहे?” नर्मीन म्हणाली.

मी खबऱ्याचा कोड उघडला. त्याला आत बघायची परवानगीच मिळत नव्हती. अडचण आली की गडी मुकाट्याने शून्य छापून मोकळा.

“तोंडावर नाही कसं म्हणायचं, हबीबी?” वगदी चहात साखर घालत म्हणाले.

“बाशमुहंदिस, ती बुडतेय आणि तुमचा खबऱ्या सांगतोय, पाणी छान कोमट आहे.”

मी संदेश बदलला: “परवानगी नाही.” मी पाहुण्याला दारातून हाकललं असावं, तसं वगदींनी माझ्याकडे बघितलं. मग कीबोर्ड ओढून त्यांनी लिहिलं: “माफ करा. आत पाहायची परवानगी नसल्यामुळे मी काहीही मोजलेलं नाही. कृपया मला प्रशासक म्हणून पुन्हा चालवा.”

“घरच्यांची ख्यालीखुशाली तेवढी राहिली,” मी म्हणालो.

“पण खोटं आहे का काही?”

नव्हतं. उलट आता काय करायचं, हे माझ्या संदेशात नव्हतंच.

नर्मीनने खबऱ्या अ‍ॅडमिनच्या अधिकाराने पुन्हा चालवला आणि तो बोलला. प्रत्येक बिलाआधी प्रोग्रॅम दुकानाच्या तांता शहरातल्या शाखेतल्या प्रिंटरला “आहेस का?” विचारून उत्तराची वाट बघत होता. ती शाखा कधीच बंद झाली. तिथे आता शावरमा मिळतो.

तिने प्रिंटरची चौकशी काढून टाकली. बुधवारी दुपारी दुकानातून फोन आला. बिल इतकं झटकन निघालं की दुकानदाराला संशय आला. त्याने हाताने बेरीज करून पाहिली. जुळली.

“बाकीच्या दुकानांत कधी बसवताय?” तो विचारत होता.

नर्मीनने फोन कानाला धरूनच मागे हाताने खुर्ची चाचपली आणि बसली.