चार नंबर

लेटिशाला अख्खी वस्ती 'चार नंबर' म्हणायची, आणि का म्हणायची ते सांगायला एकही माणूस तयार नव्हता.

डॉसन्स बोअर या वाळवंटातल्या वस्तीत कुणाच्या कुत्र्याला कुणी लाथ मारली हेसुद्धा दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. तिथे एका पोरीला स्वतःच्याच नावाचं कारण कळू नये म्हणजे कमालच म्हणायची. लहानपणी तिने आपल्या परीने तर्क लढवून पाहिले. चौथं मूल म्हणावं तर ती एकुलती एक. घराचा नंबर म्हणावा तर तो नऊ. फुटबॉलच्या टीममध्ये तिला कधी कुणी घेतलंच नाही, तेव्हा जर्सीचा प्रश्नच मिटला. म्हाताऱ्यांना विचारलं की ते हसायचे, खोकायचे आणि "चहा ठेव गं" म्हणून विषय बदलायचे.

जरा मोठी झाल्यावर तिला एवढं उमगलं, की हा विषय तिच्या बापाच्या वाटेने जातो. त्या वाटेला कुणी जात नसे.

बाप गेला तेव्हा ती नुकती रांगायला लागली होती. माणूस गेला की त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो झाकायचा, त्याचा आवाज वाजवायचा नाही, ही इथली रीत. त्याच नावाचा दुसरा कुणी जिवंत असला तर त्यालाही आपलं नाव टाकावं लागतं आणि सगळे त्याला कुनमनारा म्हणायला लागतात. वस्तीतला मेकॅनिक असाच एका दिवसात कुनमनारा झाला होता, आणि त्याची कुरकूर अजून संपली नव्हती. एरवी दोन-तीन वर्षं जातात, मग हक्काचं माणूस म्हणतं, पुरे आता, आणि सुतक सुटतं. फोटो उघडे होतात, ज्याची त्याची नावं परत मिळतात. लेटिशाच्या बापाचं सुतक मात्र ती विशीत आली तरी सुटलं नव्हतं.

बाप चारचौघांसारखा असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो फ्लॅट टायर बँडचा गायक. त्यांची 'पेट्रोल संपलं' नावाची कॅसेट एके काळी या वाळवंटातल्या प्रत्येक गाडीत होती. गाडीला ब्रेक नसायचे, पण ही कॅसेट असायची. आपल्याच भाषेत, आपल्याच रस्त्यांची, बंद पडलेल्या गाड्यांची, आटलेल्या पाण्याची आणि रुसलेल्या बायकांची गाणी, आणि खाली छाती दणाणून सोडणारी गिटार. ती ऐकून कितीतरी जणांनी शहरातलं हिंडणं सोडून घरचा रस्ता धरला असं लोक सांगत, पण कुजबुजत, आणि लेटिशा आली की गप्प होत. लांबलांबच्या लोकांना तोंडपाठ असलेली गाणी त्याच्या लेकीने एकदाही ऐकली नव्हती. बापाचा आवाज जाडा होता की बारीक, एवढंसुद्धा तिला माहीत नव्हतं. हे तिला फार लागायचं.

सुतक सोडायचं ते एनिड आत्याने, असं लेटिशाने आपलं धरून ठेवलं होतं. एनिड आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. लेटिशाची आई दुसरं घर करून दूर निघून गेली, तेव्हा आत्यानेच तिला वाढवलं. आत्या काही बोलत नव्हती आणि लेटिशा विचारत नव्हती. थोरांना तोंडावर असलं काही विचारायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्यात लेटिशाची लाज तर सगळ्यांच्या वरताण. ती दुकानात काउंटरवर बसायची आणि पिठाची किंमत इतक्या हळू सांगायची, की गिऱ्हाइकाला अर्ध्या काउंटरवर ओणवं व्हावं लागे.

आणि आता आत्या चालली होती. तिची मूत्रपिंडं थकली होती. येत्या शुक्रवारी दवाखान्याची गाडी तिला अ‍ॅलिस शहरात नेणार होती, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर झोपायला. मशीनला गेलेली माणसं परत राहायला येत नाहीत, पेटीतूनच येतात. आत्याचं तिकडे काही बरंवाईट झालं, तर जुन्या सुतकावर नवं सुतक. मग बापाचा आवाज या जन्मात कानावर पडायचा नाही, हे लेटिशाला लख्ख दिसत होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

त्याच आठवड्यात मालाचा ट्रक आला. ट्रकवाला गॅव्हन या रस्त्यावर नवा होता, पोर्ट ऑगस्टाचा गोरा, बडबड्या माणूस. टोमॅटोची खोकी उतरवता उतरवता त्याने विचारलं, "पोरी, तू इथलीच ना? मग एक सांग, तो फ्लॅट टायर बँड याच गावचा ना?"

लेटिशाने खाली मान घालून टोमॅटोंकडे बघायला सुरुवात केली. याला बिचाऱ्याला काय माहीत.

"चौथं गाणं तर काय गाणं आहे," गॅव्हन आपला चालूच. "ते मध्येच तान्हं पोर भोकाड पसरतं, ते."

"कुठलं पोर?" लेटिशा म्हणाली. इतकी मोठ्याने, की तिची तीच दचकली.

"आता ते मला काय ठाऊक? भाषा कुठे कळते मला. रोडहाऊसवर स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, आणि मग दुसरं काही ऐकवेना. माझीही एक लेक आहे. तिच्या आईशी बिनसलं आणि कित्येक वर्षं मी पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं. एकदा असाच चाललो होतो आणि ते पोर रडायला लागलं. शंभरदा ऐकलेलं, पण त्या दिवशी ट्रक बाजूला घेतला आणि मीच रडत बसलो. मग सरळ तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. आता दर रविवारी तिच्याकडे जेवतो. भयंकर करते स्वयंपाक, पण जेवतो." त्याने केबिनचं दार उघडलं. "गाडीतच आहे. ऐकवू?"

त्याचं बोट बटणावर गेलं आणि लेटिशाचा हात त्याच्या आधी तिथे पोचला. सगळा प्लेअर तिने तळव्याखाली झाकून धरला. एवढ्याशा पत्र्याखाली तिचा बाप होता.

"नको," ती म्हणाली. "तो माझा बाप होता. परवानगी नाही."

गॅव्हनने डोक्यावरची टोपी काढली. कॅसेट काढून शर्टाच्या खिशात घातली. मग खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून त्याने विचारलं, "कुणाची परवानगी नाही?"

लेटिशाने आठवून पाहिलं. आत्या कधी 'नाही' म्हणाली होती? आठवेना. कुणीच कधी 'नाही' म्हणालेलं तिला आठवेना.

संध्याकाळी ती आत्याच्या अंगणात गेली. आत्या गादी टाकून कुत्र्यांच्या गराड्यात बसली होती. शेकोटीत कांगारूची शेपटी भाजत होती. रस्त्यापलीकडे मेकॅनिक कुनमनारा एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून होता. लेटिशा आत्याच्या शेजारी, तिच्याकडे न बघता, शेकोटीकडे तोंड करून बसली. इथे कामाचं बोलायचं असलं की असंच बसतात.

"कुत्र्यांना कोण घालणार?" आत्याने विचारलं.

"मी घालीन."

"त्या लंगड्याला वेगळं वाढ. बाकीचे त्याला खाऊ देत नाहीत."

"वाढीन." लेटिशाने काटकीने राख उकरली. "आत्या, चार नंबर म्हणजे गाणं का गं?"

"कोण म्हणालं?"

"ट्रकवाला."

"वा. ट्रकवाल्याला ठाऊक." आत्याने मगातला चहाचा गाळ वाळूत ओतला. लेटिशाला वाटलं, संपलं, आता उठावं. पण शुक्रवार दारात येऊन उभा होता.

"मला ते ऐकायचंय," ती म्हणाली. आणि कमी पडलं असेल म्हणून पुन्हा, स्पष्ट म्हणाली, "आत्या, मला माझ्या बापाचं गाणं ऐकायचंय."

आत्या हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती अशी उखडली की कुत्री उठून उभी राहिली.

"एवढं बोलायला इतकी वर्षं घातलीस? दगड आहेस का दगड? मी मशीनला जायची वेळ आली तेव्हा बाईसाहेबांना कंठ फुटला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? शाळेच्या खोलीत बसून त्यांनी ती कॅसेट भरली. तू माझ्या मांडीवर होतीस. चौथ्या गाण्याला तू असा गळा काढलास की सगळं मोडलं. शहरातून आलेला तो रेकॉर्डिंगवाला म्हणाला, पुन्हा करू. तुझा बाप म्हणाला, नाही, असंच राहू दे, हे गाणं आता हिचं. सगळ्यांच्या देखत दिलं त्याने तुला. मग तो गेल्यावर मी कोण ते उघडणारी? ज्याचं गाणं त्याने मागायचं. आम्ही सगळे आपले बसलोय, ही पोर कधी तोंड उघडते म्हणून वाट बघत."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगून मागायला लावलं असतं, तर ते मागणं तुझं झालं असतं का माझं? हाक मारत होतो ना सगळे चार नंबर, चार नंबर म्हणून? आणखी काय दवंडी पिटायची?"

"मला वाटलं, विचारलं तर तुला दुखेल."

आत्याचा सूर एकदम खाली आला. "दुखलंच ना," ती म्हणाली. "माझा एकुलता भाऊ. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मला तरी कुठे ऐकायला मिळाला?"

आपण आत्याला जपत होतो आणि आत्या आपल्याला, आणि दोघींनी मिळून त्या माणसाला डब्यात कोंडून ठेवलं होतं. तिने आत्याच्या दंडावर डोकं टेकलं. आत्याने तिला ढकललं नाही.

मग आत्याने छातीशी धरलेले हात मोकळे केले, मांडीवर पुसले आणि समोर अंधारत चाललेल्या वाळूकडे बघत म्हणाली, "क्लिफ्टन."

मोठ्याने नाही म्हणाली. पण रस्त्यापलीकडे मेकॅनिकचं डोकं बॉनेटवर खाडकन आदळलं.

"काय म्हणालीस?" तो डोकं चोळत रस्त्याच्या मध्यापर्यंत आला.

"तुला नाही. त्याला म्हणाले."

"पण मला परत मिळालं ना माझं?"

"मिळालं. घेऊन जा."

तो स्वतःशीच दोनदा, चव बघितल्यासारखं, "क्लिफ्टन, क्लिफ्टन" म्हणाला आणि परत गाडीकडे गेला. पण त्याच्याने त्या दिवशी काम काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रेडिओवर गेले. रेडिओ म्हणजे जुना मालाचा कंटेनर, आणि तो चालवणारा सेल्विन म्हणजे फ्लॅट टायर बँडचा ड्रमर. आत्याने आधी सुतक फेडायला ओल्या फांद्यांचा धूर आत कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला. मग सेल्विनने बंद पडलेल्या फ्रिजमधून कॅसेट ठेवलेला बिस्किटांचा डबा काढला. धूळ आणि उंदरांपासून सांभाळायला तीच जागा बरी, म्हणाला.

"इतकी वर्षं पडून टेप चिकटली नसेल?" आत्याने विचारलं.

"चिकटेल कशी? मी अधूनमधून लावतो."

आत्याने डोळे वटारले.

"आवाज बंद करून," सेल्विन घाईने म्हणाला. "नुसती चाकं फिरताना बघतो. कुठलं गाणं चाललंय ते मला चाकावरून कळतं. चौथं आलं की जरा थांबून जातो, एवढंच."

त्याने माईकवर सांगितलं, "उघडलंय. चार नंबरने मागितलंय." बस्स, एवढंच. बाहेर एकेका गाडीची दारं उघडल्याचे आवाज आले. आपापल्या गाडीतले रेडिओ लावून लोक बसले होते. मेकॅनिक क्लिफ्टनने तर रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीची चारही दारं सताड उघडली होती.

पहिल्या गाण्यात आवाज आला तेव्हा लेटिशाला आधी कळलंच नाही की हाच तो. तिने मनात मोठा, घोगरा आवाज धरला होता. हा तर बारीक, किंचित नाकातला आणि खट्याळ होता. आपण दुकानात पिठाची किंमत सांगतो तसाच की, तिच्या मनात आलं, फक्त याला लाज नाही. आत्या डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. एक अक्षर चुकत नव्हतं.

मग चौथं आलं. गिटार सुरू झाली, ड्रम सुरू झाले, बाप दोन ओळी गायला, आणि पोराने टाहो फोडला. काय तो आवाज. एकेक वाद्य गडबडून थांबलं. मागे कुणीतरी हसलं. पोर आपलं रडतंय, रडतंय, आणि कुणीही त्याला गप्प करत नाही. मग बापाचा आवाज आला, माईकपासून जरा लांब, गाण्यातला नाही, बोलण्यातला.

"थांबा रे सगळे. आधी तिला म्हणू दे."

सगळे थांबले. त्या खोलीत आणि इथे कंटेनरात, आणि बाहेर गाड्यांमध्ये. रडणं हळूहळू उतरलं, हुंदक्यांवर आलं, थांबलं. बापाने विचारलं, "झालं तुझं? आता आम्ही म्हणू का?"

कॅसेटवर नुसती खरखर. त्याने उत्तराची वाट बघितली होती. सेल्विनचे डोळे भरून आले होते आणि माईक बंद करायचा तो विसरला होता.

"म्हणा," लेटिशा म्हणाली. मोठ्याने, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं.

आणि बाप गायला लागला.