माझ्या पाठीवरचा चार

मित्रांनो, मी एक जुनी, भाड्याने जाणारी प्लास्टिकची खुर्ची आहे. माझा उजवा हात मोडला आहे, त्याचं मला काही वाटत नाही. पाठीवरच्या आकड्याचं वाटतं. जन्मभर मी लोकांना बसवलं. आज तुम्ही जरा उभं राहून ऐका.

कारखान्यात कढत प्लास्टिक साच्यात गेलं आणि मी बाहेर आले. बहिणींच्या थप्पीत बसून एका मांडववाल्याच्या गोदामात पोचले. लग्न असो, मयत असो की देशाची निवडणूक, खुर्च्या आमच्या मालकांच्याच. चोऱ्या फार व्हायच्या, म्हणून मालकीणबाईंनी पत्र्याचे साचे कापले आणि अंगणात बसून प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटने आकडा मारला. मला ४३१२ मिळाला. "आता कुठे पळतेस ते बघते," म्हणत त्यांनी मला थाप मारली. नाव ठेवल्यासारखं वाटलं मला.

माझी जागा कायम शेवटच्या रांगेत. पुढारी मला दिसायचे नाहीत, पण ऐकू यायचे. एकच आवाज दोन निवडणुकांत दोन झेंड्यांखाली ऐकला आहे मी. मग एकदा सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बसवून जाहीर चर्चा ठेवली. एक माणूस उठला. "एवढा प्रचार करता, पैसा कुठून येतो?" एवढंच त्याने विचारलं. उत्तर म्हणून खुर्च्या उडाल्या. मीही उडाले आणि नेमकी त्या विचारणाऱ्याच्या अंगावर पडले. हात तेव्हा मोडला.

मोडकी खुर्ची भाड्याने कोण नेणार? मालकीणबाईंनी मला मोरीत ठेवलं, सासूबाईंच्या अंघोळीसाठी. "हात नाही ते बरंच झालं गं, बाजूने उतरता येतं," असं म्हातारी म्हणायची. पाठीवरून कोमट पाणी वाहायचं. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते तेवढेच.

मग निवडणुकीला उभे राहिलेल्या साहेबांची प्रचंड सभा झाली. माझ्या सगळ्या बहिणी ट्रक भरभरून गेल्या. भाडं रोख आलं, आणि ते दिलं सरकारी दवाखाना बांधणाऱ्या ठेकेदाराने. सभा साहेबांची, पाकीट ठेकेदाराचं. तो काय दानधर्म करत होता? उद्या सरकारी तिजोरीतून दामदुप्पट काढायचं होतं त्याला.

निवडणुकीच्या खर्चाला कायद्याची मर्यादा असते. ती ओलांडली तर निवडून आलेला माणूसही घरी जातो. हा खर्च तपासायला एक सरकारी हिशेबनीस बाई आल्या. मांडव, कर्णे, चहा, खुर्च्या, सगळं मोजायच्या, म्हणून लोक त्यांना मोजणीबाई म्हणायचे. साहेबांनी खुर्च्या दाखवल्या साडेतीनशे. मैदान तर गच्च भरलेलं बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सभेचं सरकारी चित्रीकरण नेमकं खराब निघालं. मग बाई आमच्या मालकांकडे आल्या. त्यांच्याआधी साहेबांचा भाचा येऊन गेला होता. मालकांनी लिहून दिलं : माझ्याकडे एकूण साडेतीनशेच खुर्च्या आहेत.

"अहो, साडेतीनशे?" मालकीणबाई म्हणाल्या. "सही करताना हात कसा थरथरला नाही तुमचा?"

"थरथरला ना. भाच्याने धरला, मग नीट झाली सही."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा माणसं आणि टर्पेंटाइनचे डबे घेऊन हजर. माझ्या बहिणींच्या पाठी एकेक करून पुसल्या आणि त्यांना परगावच्या गोदामात हलवलं. "अंघोळ घालतोय वहिनी, आमच्यातर्फे फुकट!" भाचा हसत म्हणाला. मग मोरीकडे वळला.

"आत सासूबाई बसल्यात अंघोळीला," मालकीणबाई दारात आडव्या झाल्या. "जाताय? जा. साबण लावा पाठीला."

भाचा मागे फिरला. मी वाचले.

मालकीणबाईंनी मला पदराने पुसलं, रिक्षात घातलं आणि मोजणीबाईंसमोर नेऊन ठेवलं. बाईंनी मला फिरवलं. "साडेतीनशे खुर्च्यांतली चार हजार तीनशे बारावी," त्या म्हणाल्या. "वहिनी, धंदा बुडेल तुमचा."

"बुडू दे. हा आकडा मी माझ्या हाताने मारलाय. त्याला खोटा कसा म्हणू?"

माझ्या गळ्यात दोरी पडली, दोरीला चिठ्ठी, चिठ्ठीवर लाखेची मोहर. मी पुरावा झाले. किती मिरवले मी मनातल्या मनात!

साहेब निवडून आले, मंत्री झाले. खटला उभा राहिला आणि उभाच राहिला. तारखांवर तारखा. मोजणीबाईंची बदली पार दूर झाली. ठेकेदाराची बिलं मात्र धडाधड पास झाली, आणि नवा दवाखाना पहिल्याच वर्षी गळायला लागला. सासूबाईंना तिथे नेलं, तेव्हा खाट नव्हती. ओल्या फरशीवर सतरंजी टाकून झोपवलं. म्हातारी तिथून परत आली नाही.

मी तेव्हा कोर्टाच्या सामानखोलीत होते. तिथल्या बाबूची खुर्ची मोडली. नवीन मागवली, ती आलीच नाही. एक दिवस त्याने माझी दोरी तोडली, चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली आणि माझ्यावर बसला. चहा झाला की दोन पायांवर मागे रेलून भिंतीला झुलायचा. उजवा हात नाही म्हणून त्याचा भार डावीकडे. खरबरीत भिंत माझी डावी बाजू घासायची. रोज थोडा थोडा निळा रंग भिंतीला लागत होता. मी किंचाळले, मित्रांनो! पण खुर्चीचं किंचाळणं म्हणजे करकर. "फार कुरकुरते ही," एवढंच बाबू म्हणाला.

शेवटी सुनावणी झाली. मला मधोमध ठेवलं. साहेबांच्या वकिलाने माझी पाठ सगळ्यांना दाखवली.

"तीनशे बारा! साडेतीनशेत आरामात बसते की हो!"

माणसं हसली. मालकीणबाई धावत आल्या आणि त्यांनी घासलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे चार होता! मीच मारलेला! हे बघा ओरखडे!"

शिपायाने त्यांचा हात बाजूला केला. "बाई, पुराव्याला हात लावायचा नाही."

जप्तीच्या कागदावर 'आकडा असलेली एक खुर्ची' एवढंच लिहिलेलं निघालं. मोजणीबाईंना बोलवा, ही मागणी फेटाळली. खटला संपला. मला मालकांना परत देण्याचा हुकूम झाला.

घरी आल्यावर मालकीणबाईंनी पत्र्याचा साचा शोधून काढला.

"आता काय उपयोग?" मालक म्हणाले.

"काही नाही." असं म्हणून त्यांनी चार पुन्हा मारला.

आता माझा चार निळाशार आहे आणि पुढचे तिन्ही आकडे फिके. कुणीही बघून म्हणेल, मागाहून रंगवलाय. खरं होतं तेच आता बनावट दिसतं. मित्रांनो, याहून मोठी शिक्षा खुर्चीला कुठली?

मी परत मोरीत आहे. माझ्यावर बसायला कुणी नाही. निवडणूक पुन्हा आली आहे. रस्त्यावरून साहेबांचा कर्णा ओरडत जातो, जनतेच्या पै न पैचा हिशेब देऊ. मालकांनी नव्या खुर्च्या घेतल्या आहेत. त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत.

मला जपा असं मी म्हणत नाही. माझी वेळ गेली. पण तुम्ही सभेला जाल तेव्हा बसायची घाई करू नका. आधी मागे जाऊन उभे राहा आणि मोजा. मोजलेलं मोठ्याने बोला, शेजाऱ्यालाही मोजायला लावा. आमच्या मालकीणबाई एकट्या होत्या, म्हणून एका भिंतीने त्यांना पुसून टाकलं.