महाराजांच्या मागचा पुठ्ठा

आमच्या देशात सगळं वारशाने मिळतं. महाराजांच्या पोटी महाराज, न्यायाधीशाच्या पोटी न्यायाधीश. मला बापाकडून तसबिरी मढवायचं दुकान मिळालं, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या राजेसाहेबांच्या तसबिरींचं कामही. त्या घराण्याची तोंडं पुसून पुसून मला त्यांचा वीट आला आहे.

माझी ताई शाळेत इतिहास शिकवायची. चौथीतल्या एका पोरीने विचारलं, "बाई, पहिल्या महाराजांना महाराज कोणी केलं?" ताई खरं बोलून बसली. "लोकांनी त्यांना अध्यक्ष म्हणून निवडलं होतं, पाच वर्षांसाठी. मग ते खुर्चीवरून उठलेच नाहीत." पोरीचा बाप पोलिसात. झालं, राजघराण्याच्या बदनामीचा खटला. न्यायाधीश म्हणाला, पुरावा आणा, सोडतो. आणणार कुठून? जुनी पुस्तकं, जुनी वर्तमानपत्रं, सगळ्याचा कधीच लगदा झाला होता. हे त्यालाही ठाऊक होतं.

निकालाच्या आठवड्यात महाराज वारले आणि चिरंजीव गादीवर आले. ताईचा निकाल होता त्याच सकाळी कोर्टातली तसबीर बदलायचा हुकूम मला आला.

आता आमच्या दुकानाची रीत सांगतो. बाप एक नंबरचा चिकट. नवा महाराज आला की जुन्याचा फोटो काढायचा नाही, नवा त्याच्या पुढे सरकवायचा. फोटो घट्ट बसतो आणि पुठ्ठ्याचा खर्च वाचतो. मीही तेच करत आलो. बापाचे गुण मुलात उतरतात, ते काही राजवाड्यातच नाही.

कोर्ट भरलं होतं. ताई पिंजऱ्यात उभी होती. मी तसबीर टेबलावर पालथी घातली, खिळे उपटले, मागची फळी काढली. एरवी मी सगळी थप्पी एकदम उचलतो. त्या दिवशी लक्ष ताईकडे होतं, म्हणून थप्पी निसटली आणि सगळ्यात मागचा फोटो सुटा झाला. उलटवून पाहिला. पहिले महाराज! डोक्यावर मुकुट नाही, अंगात साधा कोट. खाली छापलेलं : लोकनियुक्त अध्यक्ष. मुदत पाच वर्षे.

"साहेब, पुरावा!" मी ओरडलो.

न्यायाधीशाने फोटो घेतला. दोनदा वाचला. मग माझ्याकडे परत सरकवला.

"हा पुठ्ठा आहे," तो हळूच म्हणाला. "होता तिथे घाल. नाहीतर बहिणीशेजारी उभा राहा."

दुकान, बायको, दोन लेकरं डोळ्यांपुढे आली. ताई माझ्याकडेच बघत होती. मी शेपूट घातलं. फोटो होता तिथे ठेवला, नव्या महाराजांचा सगळ्यांच्या पुढे सरकवला, वर फळी बसवली, खिळे ठोकले आणि तसबीर भिंतीवर चढवली.

"आरोपीच्या विधानाला पुरावा नाही," न्यायाधीशाने वाचून दाखवलं. "पाच वर्षे कैद."

ताई हसली. "साहेब, पाच म्हणजे पाचच ना? की महाराजांची पाच?"

शिपायांनी तिला नेलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

न्यायाधीशाने निकालावर सही केली. पुरावा त्याच्या डोक्यावर टांगलेला होता, आणि खिळे मी ठोकले होते.