पायाचा घेर

झोपलेल्या माणसाचं माप घ्यायचं ते फक्त त्याची शवपेटी करायची असेल तेव्हा, असं रेरेआताचं ठाम मत होतं. आणि तिची सून मारेवा नेमकं तेच करून बसली होती. दुपारी जेवून रेरेआता ओट्यावर चटई टाकून लवंडलेली. या बयेनं टोप्या विणायच्या केवड्याच्या पातीची एक पट्टी उचलली, सासूच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली, नखानं खूण केली आणि दूरच्या पापेते शहरातल्या दुकानात फोन करून सायकलवर घालायचे सँडल मागवले. एका शब्दानं विचारलं नाही. रेरेआताला हे कळलं ते तीन आठवड्यांनी, जहाज धक्क्याला लागून खोकं घरात आलं तेव्हा.

"मी झोपले होते, मेले नव्हते," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर पाय पुढे केला असता."

"केला असता हो आई," मारेवा म्हणाली, "पण मला लाथ मारायला."

हे खरंच होतं, म्हणून रेरेआताला जास्त राग आला.

सँडलचं हे प्रकरण सुरू झालं मे महिन्यात. खिंडीच्या चढावर रेरेआताच्या रबरी चपलेची पुढची कड पेडलखाली दुमडली आणि ती पावांच्या टोपलीसकट जास्वंदीच्या कुंपणात गेली. गुडघे सोलवटले, पाव कुत्र्यांनी खाल्ले. तिच्या मुलानं, तिहोनीनं, सायकल उचलून नेली आणि होडीच्या शेडमध्ये आढ्याला टांगून ठेवली. "पायात काहीतरी धड घालशील तेव्हा उतरवीन," तो म्हणाला. "तोवर गाडीच्या मागच्या हौद्यात बसत जा."

हौद्यात, कलिंगडांच्या शेजारी. जिनं बावीस वर्षं जुलैच्या सणाला सगळ्या बायकांच्या पुढे राहून मौपिती बेटाला सायकलवरून फेरी मारली, तिनं. हँडलला फुलं बांधून बायका बेटाभोवती जातात, ती काही शर्यत नव्हे, असं सगळ्याजणी म्हणत. पण बावीस वर्षांत रेरेआताच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं आणि ते सगळ्याजणींना नीट आठवत असे. यंदा सण नऊ दिवसांवर आला होता. शेजारच्या पोएरावानं तर कुंपणावरून विचारूनही घेतलं होतं, "तुमच्या गाडीच्या हौद्याला फुलं मी लावू का गं?"

आता हे खोकं. काळे सँडल, पुढून बोटं झाकलेली, मागे टाचेला पट्टा, वर चिकटणारे तीन पट्टे आणि तळवा फळीसारखा ताठ. रेरेआतानं पाय घातला. लांबी तंतोतंत. पण सहासष्ट वर्षं अनवाणी चालून तो पाय फणसाच्या फोडीसारखा फुगलेला. करंगळी बाहेरच राहिली आणि पट्टे काही पलीकडे पोचेनात.

मारेवाचं तोंड उतरलं.

"टोपीचं माप लांबीवर घेतेस का गं तू?" रेरेआता म्हणाली. "डोक्याला घेर असतो, तसा पायालाही असतो. आणि माणूस उभं राहिलं की पाय पसरतो. निजल्यावर काय, देवमासासुद्धा सडपातळ दिसेल."

तिनं खोकं कपाटावर फेकलं आणि आपली पादत्राणं आपणच निवडायची असं जाहीर केलं. निवडायला जोडांची वाण नव्हती. त्या घरात पायरीवर जे पडलेलं असेल ते जो आधी बाहेर येईल त्याचं, त्यामुळे पायरीवर सदा डझनभर जोड पडलेले. अडचण एवढीच, की सायकल आढ्याला होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिहोनी होडी घेऊन पलीकडच्या वाळूच्या बेटावर कलिंगडांना पाणी घालायला गेला. रेरेआता शेडमध्ये गेली तर मारेवा शिडीवर चढून दोरीच्या गाठी सोडत होती.

"नवऱ्यापासून लपवून?" रेरेआतानं विचारलं.

"तुमच्याच घरात शिकले. धरा खालून, माझ्या डोक्यात पडेल."

मग दोघी चढापाशी गेल्या. मारेवानं पोतं भरून पादत्राणं आणली होती. रबरी चपला पहिल्याच वळणावर पायातून सुटल्या. त्यातली एक कुत्र्यानं पळवली. चर्चला घालायचे पांढरे बूट पेडलवरून मासा सटकावा तसे सटकले. तिहोनीचे प्लास्टिकचे जाळीदार सँडल, जे घालून तो प्रवाळावर मासे मारतो, ते मात्र धरून राहिले. रेरेआता अर्ध्या चढापर्यंत पोचली. पण तळवा इतका मऊ, की पेडलचे दाते एकेक करून मोजता येत होते, आणि बकल घोट्याला चावत होतं.

ती आंब्याखाली बसून पाय चोळू लागली. "अनवाणीच जाते," ती म्हणाली.

"मागच्या वर्षी अनवाणी गेलात, आठ दिवस टाचेला तेल मीच लावलं."

मारेवानं पोत्याच्या तळातून ते खोकं काढलं आणि शेजारी ठेवलं. रेरेआता खोक्याकडे बघत बसली, मग समुद्राकडे, मग परत खोक्याकडे. शेवटी तिनं सँडल चढवले, करंगळी बाहेर, पट्टे उघडे, आणि सायकलवर बसली. दहा पेडल मारली. तळवा वाकला नाही. जोर पायात विरला नाही, सगळा चाकात उतरला. सायकल आपण होऊन वर चालली आहे असं वाटलं. ती वळून खाली आली आणि वाकून तळवा अंगठ्यानं दाबून पाहू लागली.

"तळवा बरा आहे," ती म्हणाली.

"आणि पट्टे?"

"पट्टे आखूडच. चल घरी. जुनी ट्यूब कुठे आहे बघ."

तिहोनी परतायच्या आत सायकल पुन्हा आढ्याला गेली आणि दुपारी ओट्यावर काम चाललं. रेरेआतानं करंगळीच्या बाजूची शिवण उसवली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. टोपीच्या दाभणात मासेमारीचा दोरा ओवून त्या सँडलच्या पट्ट्यांना जोडल्या. मधेच मारेवा पातीची पट्टी घेऊन आली आणि म्हणाली, "उभ्या राहा." सासू खांब धरून उभी राहिली, मुकुट चढवताना राणी उभी राहावी तशी, आणि सुनेनं खाली बसून पायाभोवती पट्टी गुंडाळली. आता पट्टे ताणले तरी सँडल पायाला दाबेनात, आणि ओढले तरी पायातून निघेनात. रेरेआता ते घालून सायंकाळपर्यंत घरभर हिंडली. पायरीवर मात्र तिनं ते काढून ठेवले नाहीत.

सणाच्या सकाळी तिहोनी गाडीच्या हौद्यात आईसाठी बाक ठेवत होता. त्याच्या बाजूनं घंटी वाजवत सायकल गेली. हँडलला पांढरी फुलं, डोक्यावर टोपी. त्याची नजर आधी पेडलवरच्या सँडलकडे गेली. मग तो हसायला लागला आणि त्यानं बाक उतरवून घेतला.

खिंडीच्या चढावर एकेक बाई उतरून सायकल ढकलू लागली. पोएरावाही उतरली. रेरेआता बसल्या बसल्या माथ्यावर पोचली आणि तिथं तिनं मागे वळून पाहिलं. मारेवा बरीच खाली होती. एका पायात चप्पल, दुसरी, अंगठा तुटलेली, हातात.

बावीस वर्षांत रेरेआता माथ्यावर कधी थांबली नव्हती. आज थांबली. पोएरावा धापा टाकत आली, आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं, सायकलवर बसली आणि पुढे निघून गेली.

"आई, ती गेली ना पुढे," लंगडत वर आलेली मारेवा म्हणाली. "थांबलात कशाला?"

"जाऊ दे. उताराला गाठते तिला, ती ब्रेक दाबून जाते." रेरेआतानं टोपीच्या काठातून सुटलेली एक पात ओढून काढली. "तू निजलेल्या माणसाचं माप घेतेस, न विचारता वस्तू मागवतेस, नवऱ्यानं मारलेल्या गाठी सोडतेस. अशी आगाऊ बाई मी आजवर एकच पाहिली होती आणि तिनंच हे घर चालवलं. माझ्या मागे ते तूच चालवशील. आता तो पाय इकडे कर. तसा नाही, नीट भार देऊन उभी राहा. घेर घेते."